चलनात न आलेली ७५, १००, १००० रुपयांची नाणी: सोलापुरातून सुरुवात करायची आहे, मार्गदर्शन हवं

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. बाजारात कधी खर्चायला येत नाहीत, टांकसाळीतून थेट डबीतच येतात, अशी स्मारक नाणी जमवायची आहेत. थोडं वाचन झालंय, पण काही गोष्टी अजून अडतात.

बँकेत ७५ रुपयांचं नाणं मागितलं तर "असलं नाणंच नसतं" असं उत्तर मिळतं. मग ही घ्यायची कुठून? प्रूफ (आरशासारखं खास पाडलेलं) घ्यावं की यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं पण साधं)? एका सराफाकडे १०० रुपयांचं मोठं नाणं सुटं आहे, ना डबी ना कागद. ते चांदीचं आहे असं म्हणतात. पैसे देण्याआधी नाण्याला धक्का न लावता तपासता येतं का? आणि शेवटचं म्हणजे घर पत्र्याचं आहे. एप्रिल-मे महिन्यात आत काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. नाणी कशात ठेवू?

टांकसाळ_वाचक

बँकेवर रागावू नका, त्यांच्याकडे ती येतच नाहीत. नाणी पाडतं केंद्र सरकार, रिझर्व्ह बँक फक्त चलनातली नाणी बँकांमार्फत वाटते. १, २, ५, १०, २० रुपयांची स्मारक नाणी त्या वाटेने येतात. २५, ६०, ७५, १००, १२५, १५०, २००, ३५०, १००० असल्या आकड्यांची नाणी त्या वाटेला लागतच नाहीत. ती टांकसाळ स्वतः संच करून विकते.

देशात चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. चारही २००६ साली स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण महामंडळाखाली येतात. संग्राहकांना लागतात त्या मुख्यतः मुंबई, कोलकाता आणि हैदराबाद. महामंडळाच्या संकेतस्थळावर टांकसाळीचं विक्रीचं पान आहे, तिथे खातं उघडायचं. नवीन संचाची जाहिरात आली की ठरावीक मुदतीत नोंदणी करून पूर्ण पैसे आधी भरायचे. नाणी त्यानंतर पाडतात, त्यामुळे पार्सल यायला महिने लागू शकतात. आठवड्यात आलं नाही म्हणून तक्रारी करत बसू नका. खात्यावरचा पत्ता मात्र पिनकोडसकट पक्का भरा आणि मधल्या काळात मोबाईल नंबर बदलू नका.

मुंबईची टांकसाळ फोर्टात, शहीद भगतसिंग रोडवर रिझर्व्ह बँकेसमोर आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलात तर सीएसएमटीवरून पायी पोहोचाल. पण नुसत्या आशेवर जाऊ नका. काउंटरवर त्या दिवशी काय विक्रीला आहे, खिडकी सुरू आहे का, हे आधी विचारून घ्या.

पार्सल फोडताना मोबाईलवर एकच सलग व्हिडिओ करा. आधी लेबल, मग न फाडलेली टेप, मग डबी आणि शेवटी नाणं ठेवलेली ती पारदर्शक कॅप्सूल दोन्ही बाजूंनी. कॅप्सूलला तडा असेल किंवा आत बोटाचा ठसा असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा. पावती आणि माहितीपत्रक डबीसोबतच ठेवायचं. पाचेक वर्षांनी विकायला काढलं तर कागदासकट संच आणि सुटं नाणं यांच्या भावात चांगलाच फरक पडतो.

आणखी एक सवय आत्ताच लावून घ्या. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय भारताच्या राजपत्रात नियम प्रसिद्ध करतं. त्यात आकार, व्यास, धातू, वजन, कडेच्या दात्यांची संख्या आणि दोन्ही बाजूंचं वर्णन असतं. ते पान उतरवून छापून ठेवा. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा तो कागद काय म्हणतो ते बघायचं. उदाहरणार्थ २८ मे २०२३ रोजी आलेलं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं: व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, दाते २००, धातू म्हणजे चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५ टक्के. मागच्या बाजूला संसद संकुलाचं चित्र.

सात_रस्ता

प्रूफ की यूएनसी यावर माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन-तीन यूएनसी घ्या, हात बसू द्या, मग प्रूफकडे वळा.

फरक असा. यूएनसी म्हणजे चांगल्या चकतीवर चांगल्या साच्याने मारलेलं, पण साधंच नाणं. दिव्याखाली हळू फिरवलं की त्याच्या पृष्ठावर चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते. प्रूफसाठी साचा आणि चकती दोन्ही आरशासारखी घासतात आणि ठोका एकापेक्षा जास्त वेळा देतात. त्यामुळे मोकळी जागा काळा आरसा दिसते आणि चित्र व अक्षरं दुधाळ, धुरकट दिसतात. ओळखायचं सोपं आहे. एकाच बल्बखाली कॅप्सूल तिरकी धरा आणि छापील कागद दोन बोटं अंतरावर आणा. मोकळ्या जागेत अक्षरं उलटी पण वाचता येतील इतकी दिसली तर प्रूफ.

काही विक्रेते यूएनसी नाणं बफवर घासून "प्रूफ" म्हणून खपवतात. त्यात आरसा दिसतो, पण चित्रही तितकंच चकचकीत असतं, अक्षरांच्या कडा गोलसर झालेल्या असतात आणि भिंगातून एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. दहापट भिंग घ्याच. घड्याळजीचं डोळ्याला लावायचं चालेल.

सालाखालची खूणही बघा. मुंबईच्या साध्या आणि यूएनसी नाण्यावर चौकट म्हणजे हिऱ्याची खूण असते. मुंबईच्या जुन्या प्रूफवर इंग्रजी 'बी' आणि नव्वदीच्या मध्यानंतरच्या प्रूफवर 'एम'. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. मुंबईचं प्रूफ म्हणून हिऱ्याची खूण असलेलं नाणं कोणी पुढे केलं तर तिथेच थांबा.

प्रूफ आधी नको म्हणतो कारण त्याला चूक चालत नाही. कॅप्सूल उघडली, बोलताना थुंकीचा एक बारीक थेंब उडाला, तर काही महिन्यांत तिथे ठिपका उठतो आणि तो जात नाही. यूएनसीवर तोच ठिपका खपून जातो.

बाळीवेस_चांदी

सराफाकडच्या सुट्या नाण्याबद्दल सांगतो. चांदीचं कामच असल्याने हे रोजचं आहे.

पहिली गोष्ट, कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. कडेला एक ओरखडा आला की संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं राहत नाही, नुसती पन्नास टक्के चांदी राहते. कानस तर लांबच. यंत्रावर तपासू म्हणाले तर हरकत नाही, त्याने नाण्याला काही होत नाही, पण त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एक्स-रेचं यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. पितळेवर चांदीचा जाड मुलामा असेल तर यंत्र तुम्हाला चांदीच दाखवेल. उलट खरं नाणं तेजाबात बुडवून काढलेलं असेल तर वरचं तांबं विरघळतं आणि ५० च्या जागी चांदी जास्त दिसते.

लोहचुंबक लावा, पण त्याचा अर्थ नीट घ्या. चिकटलं तर नाणं खोटं, विषय संपला. नाही चिकटलं तर इतकंच कळलं की ते पोलादी नाही. पितळ, तांबं, शिसं, तांबं-निकेल यातलं काहीच चिकटत नाही.

मग वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या आणि त्यासोबत १०० ग्रॅमचं वजनमाप. पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. टेबलावर जाडसर टॉवेल टाका (तो तर आपल्याकडे घरोघरी आहे), नाणं हातातून सुटलं तरी त्यावर पडेल. नाणं फक्त कडेने धरायचं. ३५ ग्रॅमच्या नाण्याला राजपत्रात साधारण ३४.६५ ते ३५.३५ इतकी सूट असते. ३३ भरलं तर परत द्या. मात्र ३५ भरलं म्हणजे खरं ठरत नाही, वजन जुळवणं नकली करणाऱ्याला अवघड नाही.

अवघड आहे ते वजन आणि घनता दोन्ही एकदम जुळवणं. म्हणून पाण्याची तपासणी करायची. प्रूफवर हे कधीच करू नका. सुट्या, आधीच हाताळलेल्या नाण्यावर चालेल.

काचेचा ग्लास अर्धा भरा. पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड, कारण नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात. ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा. आता नाण्याला बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा फास घालून हाताने पाण्यात सोडा. पूर्ण बुडलं पाहिजे, पण तळाला किंवा काचेला टेकलं नाही पाहिजे. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच नाण्याचं आकारमान. नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

पन्नास टक्के चांदीच्या या मिश्रणाची घनता साडेनऊच्या आसपास येते. म्हणजे ३५ ग्रॅमच्या नाण्याला काटा ३.६५ ते ३.७० दाखवेल. तांबं-निकेल असेल तर ३.९ च्या पुढे, पितळ असेल तर ४.१ च्या जवळ. २०१० सालचं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं १००० रुपयांचं नाणंही ३५ ग्रॅमचंच, पण त्यात चांदी ८० आणि तांबं २० टक्के. त्याला ३.४५ च्या आसपास यायला हवं. हे नाणं दिसायला भारदस्त आहे आणि आकडाही मोठा, म्हणून नकलीसाठी लोकांचं आवडतं. ते घेताना पाण्याशिवाय व्यवहार करू नका.

शेवटी हिशोब. जुन्या १०० रुपयाच्या नाण्यात शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम (३५ ग्रॅमच्या निम्मी). त्या दिवशीच्या एका ग्रॅमच्या भावाने गुणा, तो झाला तळ. चांदी १०० रुपये ग्रॅम धरली तर १७५० रुपये. सराफ त्याच्या खाली मागत असेल तर आनंदू नका, संशय घ्या. १००० रुपयाच्या नाण्यात २८ ग्रॅम, आणि १९६९ च्या गांधी शताब्दीच्या १० रुपयात १२ ग्रॅम चांदी (१५ ग्रॅमचं नाणं, ८० टक्के). रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४ मध्ये आलेलं ९० रुपयांचं नाणं वेगळं आहे, ते ४० ग्रॅम आणि जवळजवळ पूर्ण शुद्ध चांदी. पाण्यात ते ३.८ च्या आसपास दाखवेल. तेव्हा ३५ ग्रॅमचा नियम त्याला लावून घोटाळा करू नका.

आणि नाणं वितळवायचा विचार कोणी डोक्यात घालत असेल तर सांगून ठेवतो, नाणे अधिनियम २०११ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

टिळक_चौक

बाळीवेसवाल्या दादांनी धातूचं सांगितलं, मी ठोक्याचं सांगतो. नाणं वर-खाली दोन बोटांत धरा, सिंहाची बाजू सरळ ठेवा आणि दार उघडल्यासारखं आडवं फिरवा. मागची बाजूही सरळच यायला पाहिजे. आपल्या टांकसाळीची नाणी अशीच पाडतात. स्मारक संचातल्या नाण्याची मागची बाजू तिरपी आली तर ते दुर्मीळ म्हणून विकत घ्यायचं नाही.

दाते मोजा. २०० दाते मोजणं वेड्यासारखं वाटतं, पण मोबाईलवर कडेचा पाव भाग जवळून टिपला तर ५० मोजावे लागतात. ओतीव नकलीत दाते मधेच बुजलेले असतात आणि एका ठिकाणी साच्याच्या जोडाची रेघ सापडते, बहुतेक घासून बसवलेली. मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तेही ओतल्याचं लक्षण. दाबून पाडलेल्या नाण्यात असे हवेचे खड्डे येत नाहीत.

सालही बघा. रुपयाचं नवं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं. त्याआधीच्या सालाच्या नाण्यावर ते चिन्ह असेल तर पुढे तपासायची गरजच नाही.

अशोक_चौक_११

ठेवण्यासाठी साधा उपाय: मऊ सुती कापडात गुंडाळायचं, वर रंगीत चादरीचा तुकडा, शेजारी दोन डांबरगोळ्या, आणि कपाटात. कसर लागत नाही.

रंगखाना_एमआयडीसी

दादा, कापडाला कसर लागते, चांदीला नाही. या उपायाने नाणं काळं पडेल, आणि आपल्या गावात त्याचं कारण प्रत्येकाला माहीत असायला हवं.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. गडद सुती कापडाला, खास करून काळ्याला, कित्येकदा गंधकी रंग वापरलेले असतात. चांगलं धुतलं तरी त्यातून गंधक हळूहळू सुटत राहतं. चांदी त्याच कापडात महिनोन् महिने घट्ट गुंडाळली तर आधी पिवळी, मग तपकिरी, मग निळसर-काळी होते. लोकर, रबर, वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठा, फेव्हिकॉलने चिकटवलेला मखमली डबा ही सगळी त्याच पंगतीतली. रबर बँड तर नाण्याच्या कपाटातही नको. संचाभोवती गुंडाळलेल्या रबर बँडची काळी रेघ कॅप्सूलच्या बाहेरूनसुद्धा आत उमटलेली दिसते. डांबरगोळीची वाफ प्लास्टिकवर बसते आणि कॅप्सूल धुरकट होते. लाकडी कपाटही नको, विशेषतः नवं प्लायवूड, त्यातून आम्ल सुटतं. लोखंडी कपाट उत्तम.

आता प्लास्टिक. पाकिटं दोन जातींची मिळतात. नव्या रेनकोटसारखा वास येणारं, मऊ, सहज वाकणारं पाकीट म्हणजे पीव्हीसी. ते नको. त्यात मऊपणासाठी घातलेलं तेल उन्हाळ्यात बाहेर येतं आणि प्लास्टिक स्वतः कुजताना आम्ल सोडतं. थंड गावात याला वर्षं लागतात, आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत दोन उन्हाळे पुरतात. दुसरं पाकीट कडक, थोडं खडखडणारं, बिनवासाचं, ते पॉलिएस्टरचं. ते चालतं, फक्त कडेने ओरखडे येतात, म्हणून प्रूफला नको. प्रूफसाठी ४४ मिलिमीटरची कडक अॅक्रिलिक कॅप्सूलच. मोठी कॅप्सूल घेऊन आत फोमची रिंग बसवू नका, फोम म्हणजे पुन्हा तीच कटकट.

पाकीट कुठलं ते कळत नसेल तर तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे गच्चीवर किंवा अंगणात करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

पत्र्याच्या घरात जागा निवडताना उंची लक्षात घ्या. कपाटाचा वरचा खण पत्र्याच्या जवळ असतो आणि खालच्या खणापेक्षा चांगलाच तापतो. खालून दुसरा खण आणि घराची उत्तर-पूर्व बाजूची भिंत, हे बरं. ओल्या कूलरसमोरची खोली मात्र टाळा. मे महिन्यात त्याच खोलीत दमटपणा असतो.

झाकणाला रबरी कड नसलेला, घट्ट बसणारा स्टीलचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. दोन लिटरच्या डब्यात दहा-दहा ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. निळ्या दाण्यात कोबाल्ट असतं, लहान मुलं असलेल्या घरात नको. दाणे रंग बदलले की पुडीतून काढून ओव्हनमध्ये १२० अंशाला दीड-दोन तास ठेवले की पुन्हा कोरडे होतात. मृगाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, वर्षातून दोन वेळा बघितलं तरी चालतं. रोज डबा उघडून बघणं हेच जास्त नुकसानीचं.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात दोन जुने यूएनसी संच मऊ पाकिटात होते. तारेने ज्योत हिरवी आली. एका नाण्यावर तेलकट, हिरवट, चिकट थर दिसतोय. दुसऱ्यावर चिकट काही नाही, कडेने सोनेरी-तपकिरी छटा आहे. सराफ म्हणतात चिंच लावून किंवा चांदीच्या पाण्यात बुडवून दोन मिनिटांत नवं करून देतो. करू का?

रंगखाना_एमआयडीसी

चिंच, लिंबू, रांगोळी, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यातलं काहीही नको. चांदीचं पाणी, म्हणजे डिप, हे थायोयुरिया आणि आम्लाचं मिश्रण असतं. काळा थर जातो, पण त्यासोबत नाण्याच्या पृष्ठावरची मूळ चमकही खरवडली जाते. यूएनसीवर फिरणारे ते आरे बंद होतात, प्रूफचा आरसा धुरकट होतो. एकदा गेलं की परत येत नाही.

दोन्ही नाण्यांचं दुखणं वेगळं आहे. सोनेरी छटेच्या नाण्याला हातच लावू नका. फक्त पाकीट बदला. ती छटा स्थिर आहे, जुन्या चांदीला शोभते, आणि पुष्कळ संग्राहकांना आवडतेही.

हिरव्या थराचं मात्र आजच करा, कारण तो थर आम्लधर्मी आहे आणि खाली धातू खात राहतो. लागेल ते: शुद्ध अॅसिटोन १०० मिलिलिटर, प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, सुवास असतो आणि तो नाण्यावर राहतो. काचेच्या दोन वाट्या. प्लास्टिकची वाटी विरघळू शकते आणि तेच प्लास्टिक नाण्यावर बसतं.

खिडक्या उघडा, देवघरातला दिवा आणि गॅस बंद करा, अॅसिटोन झपकन पेट घेतं. पहिल्या वाटीत नाणं बुडेल इतकं ओतून नाणं कडेने सोडा आणि वर काचेची बशी झाका. दहा मिनिटांनी बांबूच्या काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून नाण्यावर नुसता टेकवून लोळवा, घासायचं नाही. हिरवं कापसावर येईल. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये एक मिनिट. ही दुसरी बुडवणी लोक टाळतात आणि पहिल्या वाटीतली घाण पातळ थराने नाण्यावरच वाळते. बाहेर काढून पांढऱ्या टिपकागदावर कडेने उभं टेकवा, अर्ध्या मिनिटात वाळतं. फुंकर मारू नका.

थर गेल्यावर खाली खडबडीत, गुलाबी खड्डे दिसले तर तिथून तांबं खाल्लं गेलंय. ते भरून येणार नाही, पण वाढणंही थांबेल. अॅसिटोन काळ्या-सोनेरी छटेला काही करत नाही, त्यामुळे ती राहील, ते बरोबरच आहे.

९० रुपयांच्या शुद्ध चांदीच्या नाण्याबद्दल एक सूचना. शुद्ध चांदीवर कधी कधी दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग उठतात. ते पाडण्याआधी चकती धुतल्यावर मागे राहिलेल्या रसायनाचे असतात, तुमच्या ठेवण्यात चूक नसते. अॅसिटोनने ते जात नाहीत. घासू नका.

विजापूर_रोड

भावाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. व्हॉट्सअॅपवर "वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" फिरतं. ५ आणि १० रुपयांची ती नाणी २०१२ ची आहेत आणि चलनातली आहेत. चलनात न आलेलं आहे ते त्याच मालिकेतलं २५ रुपयांचं. समोरचा "नोंदणी फी", "कमिशन", "रिझर्व्ह बँकेचा कर" मागतो, तेच त्याचं उत्पन्न. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नसते आणि कसलीही फी मागत नाही.

गड्ड्याच्या यात्रेत किंवा तुळजापूर-पंढरपूरच्या वाटेवर पथारीवर रामदरबाराची, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव घातलेली नाणी दिसली तर देव म्हणून घ्या, संग्रह म्हणून घेऊ नका.

आणि सगळं जमवायच्या मागे लागू नका, ताण येतो. एक विषय धरा. महाराष्ट्राशी नातं असलेलीच घ्यायची म्हटली तरी १२५ रुपयांचं डॉ. आंबेडकर, २०० रुपयांचं तात्या टोपे, टिळकांचं, आणि सोबतीला चलनात आलेलं १९९९ चं २ रुपयांचं छत्रपती शिवाजी महाराज, एवढ्यात छान सुरुवात होते. नवीन संच जाहीर झाल्या झाल्या बाहेरचे विक्रेते दुप्पट-तिप्पट भाव लावतात. नोंदणी चालू असेल तर थेट टांकसाळीतूनच घ्या.

जुळे_सोलापूर

सराफांनी दुकानातच पाण्याची तपासणी करू दिली, चांगले आहेत. चुंबक चिकटला नाही. वजन ३४.९०. पाण्यातला आकडा ३.९२. भागाकार ८.९० येतो. यंत्रावर चांदी ६१ टक्के दाखवली. व्यास बरोबर ४४. आता?

बाळीवेस_चांदी

दोन आकडे एकमेकांशी भांडतायत. ६१ हे वरच्या थराचं, ८.९० हे पूर्ण नाण्याचं. आतून तांबं-निकेल आणि वर मुलामा, असंच दिसतंय.

तरी एकदा पुन्हा करा, कारण चुकीला एक जागा आहे. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकारमान जास्त भरतं आणि घनता खोटी कमी येते. मात्र ३.६७ च्या जागी ३.९२ यायला पाव घनसेंटिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून मोठा बुडबुडा लागेल. तो डोळ्याला दिसलाच असता. नाणं पाण्यात तिरकं सोडा, दोरा दोनदा टिचकावा, चित्राच्या कोपऱ्यात बुडबुडे उरले नाहीत ना ते ग्लासच्या बाजूने मोबाईलचा दिवा टाकून बघा, आणि ग्लास काट्यावरून न हलवता तीनदा वाचन घ्या. तळाला पूर्ण टेकलं असतं तर आकडा एकदम दहाच्या पुढे गेला असता, पण निसटतं टेकलं तरी आकडा थोडा वाढतो, तेव्हा तेही बघा.

तिन्ही वाचनं ३.८५ च्या वर आली तर नाणं सराफांच्या हातात परत द्या आणि त्यांनाही आकडे दाखवा. त्यांनीही ते कोणाकडून तरी चांदी म्हणूनच घेतलं असणार.